घासावरचा कोळसा

गीताबाईनं पात्यानं चिकटपट्टी फाडली, खोक्याची दोन्ही पाखं उघडली आणि आत न बघताच म्हणाली,

"घ्या. पाहा."

शेखरनं वाकून पाहिलं. चाटणाच्या चंदेरी पुड्या ओळीनं उभ्या होत्या आणि त्यांच्यावर मधोमध सुपारीएवढा एक कोळसा होता.

"दुसरा उघडा."

दुसऱ्यातही होता. तिसऱ्यातही होता. चौथा उघडायला त्यानं सांगितलं नाही. माल तिकडं पाठवणाऱ्या संस्थेचा तो माणूस, रात्रभर गाडीत बसून मुंबईहून आला होता. शेगावला उतरून थेट इथं, वरवट बकालच्या बाहेरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये. त्यानं रुमालानं मान पुसली आणि सगळा शीण एका शब्दात काढला.

"का?"

शेडमधल्या बायका पदरावर कागदी टोप्या चढवून उभ्या होत्या. भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास कोंडला होता, मशीन बंद होतं. अंगणात ट्रक उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर गोविंदा टायरला टेकून तंबाखू मळत होता. संध्याकाळपर्यंत ट्रक निघाला नाही तर बंदरावरची बोट चुकणार होती, आणि पुढची बोट कधी हे देवालाही ठाऊक नव्हतं.

शेंगदाणे, साखर, दुधाची भुकटी, तेल आणि औषधाची पूड एकत्र दळून या बायका चाटण करत. कुपोषित लेकरांसाठी. पुडीचा कोपरा फाडायचा आणि लेकराच्या तोंडात द्यायचा. शिजवायला नको, पाणी नको. आधी हा माल मेळघाटात जायचा. यंदा पहिल्यांदाच तो 'तिकडं' निघाला होता.

तिकडं युद्ध चालू होतं. त्या वेढलेल्या शहराचं नाव शेडमधल्या एकीलाही धड घेता येत नसे, म्हणून सगळ्या 'तिकडं' म्हणत. जगातले मोठमोठे लोक महिनोन्‌महिने एका लांबलचक टेबलाभोवती बसत होते, उठत होते, पुन्हा बसत होते. युद्ध थांबावं आणि निदान अन्न तरी आत जाऊ द्यावं, यासाठी दबाव वाढत होता. टीव्हीवर रोज तो वाढत होता. शेडमधल्या मशीनवर त्याच्या निम्मा दबाव आला असता तरी ते कधीच फुटलं असतं. आधी चिंता व्यक्त झाली, मग तीव्र चिंता व्यक्त झाली. तीव्र चिंतेच्या वरची पायरी कोणती, हे बहुधा त्या टेबलावरही कुणाला माहीत नव्हतं.

या बायकांनी भरलेली पहिली गाडी हिवाळ्यात गेली होती. समुद्र ओलांडून ती त्या शहराच्या फाटकापर्यंत पोचली आणि तिथून परत पाठवली गेली. कारण म्हणून एक फोटो आला. तोच शेखरनं सकाळी आल्या आल्या सगळ्यांसमोर धरला होता. हातमोजा घातलेला एक पंजा, आणि त्यात कोळसा. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: संशयास्पद काळा पदार्थ.

बायकांनी तो फोटो पाहिला आणि एकमेकींकडं पाहिलं. कोळसा त्यांनी ओळखला होता.

तेला-तुपाचं, गोडाधोडाचं अन्न वेशीबाहेर न्यायचं तर त्यावर कोळसा ठेवायचा, ही या भागातली रीत. बाळंतिणीला लाडू धाडताना ठेवतात, शेतात पुरणपोळी नेताना ठेवतात. वाटेत काही बाहेरचं असलं, भुकेलं, हपापलेलं, तर ते घासाला झोंबू नये म्हणून. शिकलेल्या सुनासुद्धा ठेवतात. विचारलं तर हसतात आणि ठेवतात.

"कुणी ठेवले हे?" शेखरनं विचारलं.

बनाबाईनं मान न वळवता हनुवटीनं रांगेच्या टोकाकडं दाखवलं. आपल्यावर काही येऊ नये ही घाई तिच्या हनुवटीत सुद्धा दिसत होती.

टोकाला सोजराबाई बसली होती. शेडमधली सगळ्यात म्हातारी. खोक्याची पाखं मिटून वरून हात फिरवायचा, एवढंच तिच्याकडं काम होतं.

"म्या ठेवले," ती म्हणाली. "काऊन?"

"आजी, या कोळशामुळे अख्खी गाडी परत पाठवली त्यांनी."

"कोळश्यानं?"

"हो."

"मंग ते लेकरं? त्याईनं खाल्लं नाही काही?"

शेखरनं नाही म्हणून मान हलवली. सोजराबाईचा हात खोक्यावर होता तिथंच राहिला.

आणि गीताबाईचा संताप उसळला. ती या शेडची प्रमुख होती, गाडी तिच्या सहीनं गेली होती, आणि साहेबांसमोर तिची मान खाली गेली होती.

"काय करून ठेवलं व बुढे! एवढाल्या बायांनी रातचा दिवस केला, हात भाजून घेतले, अन् तू चुलीतला कोळसा टाकून बसली! ते का तुह्या लेकीचं सासर व्हय? तठी बंदुका घेऊन बसले लोकं!"

खरं तर गीताबाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सोजराबाई रोज पदराच्या टोकाला कोळसे बांधून आणायची, हे तिनं शंभरदा पाहिलं होतं. ते इतकं साधं होतं की साहेबांना सांगायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. भाजीत मीठ घातलं, हे कोण कुणाला सांगत बसतं? पण राग आला की माणसाला जवळचं माणूस सापडतं. लांबच्यापर्यंत हात पोचत नाही.

"सगळे खोके उघडा," शेखर म्हणाला. "प्रत्येकातला कोळसा काढा, पुन्हा चिकटपट्टी लावा. एकही राहता कामा नये."

ट्रकमध्ये चढवलेला माल पुन्हा खाली उतरला. बायका दोन-दोन करून बसल्या. एकीनं फाडायचं, दुसरीनं कोळसा घमेल्यात टाकायचा. घमेलं टणटण वाजायला लागलं. कोळशाचा हात खोक्याला लागला की काळा ठसा उठायचा, मग तो ओल्या फडक्यानं पुसायचा. फडकी काळी पडली, तशी ती धुवायला आणखी एक बाई बसवावी लागली. सोजराबाईला गीताबाईनं कशालाच हात लावू दिला नाही. ती बाहेर निंबाखाली टोपी घालूनच बसून राहिली.

फाडताना गीताबाईचं पातं जरुरीपेक्षा खोल जात होतं. तिच्या डोळ्यांसमोर ती पट्टी होती. लेकराच्या दंडाला गुंडाळायची कागदी पट्टी. हिरव्या रंगावर आलं तर बरं, लाल रंगावर आलं तर लेकरू जातंय. तिकडच्या एका लेकराच्या दंडावरची तसली पट्टी तिनं मोबाइलवर पाहिली होती आणि मोबाइल उलटा करून ठेवला होता. तिची अर्पिता आता शेगावला कॉलेजात जाते, वाद घालते, भाकरीला नावं ठेवते. ती वर्षाची असताना अंगणवाडीत तिच्या दंडाला पट्टी लावली होती. लाल. भूक मेलेलं लेकरू रडत नाही, ते नुसतं बघत राहतं, हे गीताबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. तेव्हा अशाच पुड्यांनी अर्पिता वाचली. त्या पुड्या कुठल्या बायकांनी भरल्या होत्या कोण जाणे.

दुपार कलली. शेखर माठापाशी पाणी प्यायला आला. गीताबाई तिथंच फडकं पिळत होती.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा ना, ताई."

"त्या फाटकापाशी आपली एकलीच गाडी व्हती का?"

"नाही. मोठी रांग होती. वेगवेगळ्या देशांच्या गाड्या."

"त्या सगळ्याईत कोळसा व्हता?"

शेखरनं ग्लास खाली ठेवला.

"असं कसं असेल?"

"मंग त्या गेल्या आत?"

गीताबाईनं फडकं पुन्हा पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"एका गाडीत तंबूच्या लोखंडी खुंट्या होत्या," तो म्हणाला. "त्या हत्यार म्हणून चालतात, असं त्यांचं म्हणणं. एका गाडीत गोधड्यांसोबत सुया-दोरे होते. तीही परत आली."

"अन् ज्याईत काहीच नव्हतं?"

"त्या थांबवून ठेवल्या."

"म्हंजे त्याबी नाही गेल्या."

"नाही गेल्या."

"म्हंजे आमच्या खोक्यात कोळसा नसता, तरी आमची गाडी आत गेलीच नसती."

शेखर हळूच म्हणाला, "बहुतेक नसती गेली."

गीताबाईनं फडकं जमिनीवर आपटलं. आवाजानं बायकांचे हात थांबले, घमेलं वाजायचं थांबलं.

"मंग सकाळपासून तुमी आमाले काय करायले लावून राह्यले? त्या बुढीले म्या साऱ्या बायांसमोर नाही नाही ते बोलली! चोर सोडून संन्याशाले फाशी! ज्यानं लेकरायच्या तोंडचा घास अडवला त्याले कोनी काही इचारत नाही, अन् अठी येऊन कोळशे मोजता? आमच्या भावकीत कुऱ्हाडी निघते साहेब, तोंडं पाहत नाही लोकं एकमेकाचे. पन वैऱ्याचं लेकरू उंबऱ्यात आलं अन् पानी मांगलं, त कोनी नाही म्हनत नाही!"

हे तितकंसं खरं नव्हतं. याच गावात पाण्यावरून काय काय झालं होतं, ते गावाला ठाऊक होतं. पण रागात माणूस आपलं गाव आहे त्याहून जरा बरं करून सांगतो.

"ताई, ऐकून घ्या," शेखर म्हणाला. त्याचाही आवाज चढला. "मला काय हे आवडतं? गेले सहा महिने मी हेच करतोय. तिथं वाटाघाटी चालू आहेत. ते म्हणतात, तुमच्या मालात खोट आहे. आपण दाखवायचं की खोट होती, ती काढली, ज्यानं केलं त्याला कामावरून काढलं, त्यानं माफी मागितली. मग त्यांना बोलायला जागा राहत नाही. दबाव असाच येतो, ताई. एक एक जागा बंद करत."

"अन् मंग ते दुसरी जागा काढतीन."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे शेखरलाही कळत होतं. पण त्याच्या हातात बंबच होता आणि सोमेश्वराचाच पत्ता दिलेला होता.

"कामावरून काढलं म्हंजे?" गीताबाईनं विचारलं.

"सोजराबाईंना उद्यापासून येता येणार नाही. आणि आज त्यांचा एक व्हिडिओ घ्यायचाय. माझ्याकडून चूक झाली, मला माफ करा, एवढीच दोन वाक्यं. वरून सांगितलंय. तो पाठवल्याशिवाय मला गाडी सोडता येत नाही."

गीताबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं, या माणसाच्या कानाखाली आवाज काढावा. तिला असंही वाटलं की हा माणूस दोन रात्री झोपलेला नाही. दोन्ही खरं होतं, आणि अंगणात ट्रक उभा होता.

निंबाखाली सोजराबाईनं सगळं ऐकलं होतं. शेडला दारं असली तरी पत्र्याआड काही लपत नाही. गीताबाई जवळ गेली तशी तीच म्हणाली,

"माफी मांगतली त गाडी जाईन?"

"हाव."

"मंग मांगतो न. त्यात काय हाय? माफी मांगल्यानं काय हाताले फोड येते?"

"मामी, तुले उद्यापासून..." गीताबाईला पुढं बोलवेना. सकाळी जिला बुढे म्हणून झोडपलं, तिला आता ती मामी म्हणत होती.

"आयकलं म्या. राहू दे. माह्या पाखं मिटण्यानं काय दुनिया चालते?" सोजराबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "लेकरायचं पोट मोठं का माहं काम मोठं?"

शेवटचा खोका बंद झाला तेव्हा ऊन पत्र्यावरून उतरलं होतं. घमेलं काठोकाठ भरलं होतं. खोके ट्रकमध्ये चढले, ताडपत्री बांधली गेली, गोविंदानं इंजिन चालू करून ठेवलं. मालावर आता कोळसा नव्हता. ताडपत्रीच्या दोराला शेवटची गाठ मारताना बनाबाई तोंडातल्या तोंडात म्हणाली, "कसं उघडंच धाडल्यावानी वाटते व."

सोजराबाईला खुर्चीवर बसवलं. तिनं पदर नीट केला, टोपी त्यावर सारखी केली. शेखरनं मोबाइल समोर धरला. सगळ्या बायका त्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"आजी, इकडं बघायचं, या भिंगाकडं. नाव सांगायचं, आणि चूक झाली, माफ करा म्हणायचं. बस."

"कोन पाहीन हे?"

"मोठे लोक. आपल्याकडचे. तिकडचेही."

"ज्यानं कोळसा पाह्यला, फाटकावरचा, तो बी?"

"त्यांच्यापर्यंतही जाईल."

"बरं," सोजराबाई म्हणाली. ती पुढं सरकून बसली. पाहुण्याशी बोलताना बसावं तशी.

शेखरनं बटण दाबलं. लाल ठिपका लागला.

"मी सोजराबाई. वरवट बकालची. भाऊ, तो कोळसा म्या ठेवला. या बायायची काही चूक नाही, गीताची त बिलकूलच नाही. तुमाले तरास झाला असन त माफ करा. या टायमाले काढून घेतला सारा, घमेलंभर निंगाला. आता काही नाही खोक्यात. घास हाय नुसता."

"छान," शेखर हळूच म्हणाला. त्याचं बोट बटणाकडं गेलं.

पण सोजराबाईचं संपलं नव्हतं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच एक गोष्ट कळत नव्हती आणि ती विचारायला समोर माणूस मिळाला होता.

"पन भाऊ, तो कोळसा तुमच्यासाठी नव्हता. आमच्या इकडे वाटेत भूत राह्यते. हपापलेलं राह्यते ते, लेकराच्या तोंडातला घास त्याले पाह्यवत नाही. त्याच्यासाठी कोळसा राह्यते. त्यानं कोळसा पाह्यला का ते मांगं सरते, अन्नाले पुढं जाऊ देते. मानसाले कोळश्याचं काही होत नाही. मानूस कोळसा उचलते, बाजूले ठेवते अन् लेकराले जेवू घालते. माहं एवढं वय झालं, कोळसा पाहून मांगं सरनारा मानूस म्या काही पाह्यला नाही."

तिनं भिंगाकडं आणखी जवळून पाहिलं.

"मंग तुमी काऊन मांगं सरले, भाऊ?"

बाहेर इंजिनाचा आवाज येत होता. गीताबाईनं तोंडाशी पदर धरला. शेखरचं बोट बटणाच्या वर तसंच राहिलं.

"हे शेवटचं बोलनं कापता येते म्हनते ना," गीताबाई त्याच्या कानाशी म्हणाली. "कापा अन् धाडा. गाडी अडवू नका."

शेखरनं काही कापलं नाही, थांबवलंही नाही. मोबाइल तसाच धरून त्यानं दुसरा हात वर केला आणि दारातून गोविंदाला जा म्हणून खूण केली. ट्रक गचका खाऊन हलला. फाटकातून बाहेर पडून तो शेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याचा आवाज शेडमध्ये येत राहिला, मग येईनासा झाला.

लाल ठिपका लागलेलाच होता. खुर्चीत पुढं सरकून बसलेली सोजराबाई मोबाइलकडं बघत होती. ती उत्तराची वाट बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं शेखरकडं मान वर केली.

"बोलत काऊन नाही तो?" तिनं विचारलं.